काकवीच्या रंगाचा साबण

इंदापूर,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंद्रजित,

सप्रेम जयभीम. तात्यांना आणि आईंना माझा नमस्कार सांग. तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं ऐकलं. आता काठीशिवाय चालतात का ते कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे. करुणाचं शाळेत शिकवणं सुट्टीनंतर परत सुरू झालं. मी डेअरीच्या लॅबमध्येच आहे. सकाळी पहिला टँकर येतो तेव्हापासून दुपारपर्यंत फॅट काढायचं आणि दुधात कुणी काय मिसळलंय ते शोधायचं. साहेब म्हणतात, सुयशचं नाक चांगलं आहे.

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. उत्तर फोनवर दिलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "आरं सोड की" म्हणतोस, हसतोस, मग मीही हसतो. तेरा महिने असंच चाललंय. कागद वाचताना तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी कामाचं. इंदापुरातलं मंगल कार्यालय आणि नरसिंहपूरचं भक्तनिवास, दोन्ही छपरं धुवायची कामं तुला मिळाली, अभिनंदन. एकीकडे मंगलोरी कौलं आणि दुसरीकडे रंगीत पत्रा, असं म्हणालास. "तर स्वस्तात बसंल आसा साबण सांग. तुला त्यातलं कळतं." मला त्यातलं कळतं हे तू पहिल्यांदाच कबूल केलंस, म्हणून नीट सांगतो. गिऱ्हाइकालाही हेच सांग.

शेवाळ मारतो तो हायपो, म्हणजे ब्लीचचं पाणी. साबण काही मारत नाही. साबणाचं काम एवढंच, की हायपोला उतारावरून पळू द्यायचं नाही, कौलावर दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवायचं आणि गुऱ्हाळाच्या तेलकट काजळीखाली शिरू द्यायचं. नुसता हायपो मारला तर तो तसाच पन्हाळीत उतरतो. कौलं काळीच राहतात आणि पन्हाळ लख्ख होते. आपलं पहिलं काम आठवतंय ना, भवानीनगरचं? त्या बाई म्हणाल्या होत्या, "पन्हाळ धुवायला बोलावलं नव्हतं बाळांनो."

भांड्यांचा साबण वापरू नकोस. त्यातला वास आणि रंग हायपो खाऊन टाकतो आणि स्वतःच अर्धमेला होतो. वर फेस इतका, की धुवायला पाण्याचा दुसरा टँकर लागतो. शांपूवाले वापरतात तो जेलीसारखा घट्ट साबण स्वस्त आहे आणि दिवसभर टिकतो. पण थंडीत नीट विरघळत नाही, गाठी राहतात आणि फिल्टर तुंबतो. फेस त्याचाही दांडगा. ज्या घरी पाणी मुबलक आहे तिथं चालवून घे.

माझं मत विचारशील तर आपण आणायचो तोच, अमाइन ऑक्साइड. पाण्यासारखा स्वच्छ, हायपोत दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहणारा. लिटरचा भाव ऐकला की तू डोळे मोठे करायचास. पण भाव लिटरवर काढायचा नसतो, छपरावर काढायचा असतो. दोनशे लिटरच्या टाकीला हा एक लिटर पुरतो. एका हातात कौल स्वच्छ निघतं. स्वस्त साबणानं दोन हात मारावे लागतात, म्हणजे हायपो दुप्पट, पाणी दुप्पट, मजुरी दुप्पट आणि छपरावर उभं राहण्याचा वेळही दुप्पट. हे मी तुला वहीवर मांडून दाखवलं होतं. तू वही बाजूला सारून म्हणालास, "हे कालेजात सांग. गिऱ्हाईक कॅनचा भाव बघतं." गिऱ्हाइकानं कॅन कधी पाहिला होता, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

टाकीत आधी पाणी, मग हायपो, साबण शेवटी. झाडांवर आधी पाणी मारून घ्यायचं, तुळस झाकायची. ही ज्ञानूकाकांची शिस्त आहे, माझी नाही.

आता तुझा तिसरा मेसेज. तो मी चार वेळा ऐकला. मागं ट्रॅक्टर चालू आहे आणि तू जाता जाता विचारतोस, "आन त्या जुन्या ॲसिड स्लरीचे दोन कॅन पडल्यात की रं गोडाऊनला. सोडा जरा वाढीव घातला तर चालंल का? उगं वाया कशाला."

करुणाला ऐकवला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "हा माणूस आहे का कोण आहे?"

नाही चालणार, इंद्रजित. स्लरी म्हणजे आम्लच. धुण्याची पावडर करणाऱ्या बायका त्यात सोडा घालतात तेव्हा अंदाजानं घालत नाहीत, लिटमसची पट्टी बुडवून बघतात. तिच्यात आम्ल उरलं आणि ती हायपोत पडली तर क्लोरीन सुटतो. हे मी तुला आता सांगायची गरज नसावी. ते दोन कॅन आजच्या आज गोडाऊनमधून काढ आणि पावडर करणाऱ्या कुणाला तरी, त्यात काय आहे ते स्पष्ट सांगून, देऊन टाक. नवा कुठलाही साबण आणलास तर आधी त्यात पट्टी बुडव. लाल झाली तर तो साबण हायपोच्या वाऱ्यालाही न्यायचा नाही. लाल झाली नाही तर काचेच्या बाटलीत थोडा हायपो घेऊन त्यात टाक, झाकण सैल ठेव, उघड्यावर ठेव आणि दुसऱ्या दिवशी बघ.

झाला फॉर्म्युला. एवढ्यासाठीच मेसेज होते, तर इथंच पत्र ठेवून दे.

पण तू त्याच मेसेजमध्ये आणखी एक म्हणालास. "ज्ञानूकाकालाबी घेतो परत. गोडाऊनवर बसाया. काम काय न्हाय, नुसतं बसायचं. तेवढाच त्येंचा टाइम जातो." हे तू काकांनाही सांगून टाकलंस. दिवाळीला मी गावी, लोणीला गेलो तेव्हा काका मला सांगत होते, आनंदानं. आनंदानं म्हणजे, एक वाक्य बोलायचं, मग छातीवर हात ठेवून वाट बघायची, मग पुढचं.

"इंद्रजितराव मोठ्या मनाचा माणूस हाय." थांबले. "मी त्येंच्या धंद्याला डाग लावला." थांबले. "तरी बोलावत्यात."

छप्पन्न वर्षांचा माणूस. तीस वर्षं रंगारी. लोणीत निम्म्या घरांच्या भिंतींना त्यांचा हात लागलाय. कौलावर कसं चालायचं ते आपल्या दोघांना त्यांनी शिकवलं. पाय मधोमध द्यायचा नाही, जिथं एक कौल दुसऱ्यावर चढतं आणि खाली लाकडी रीप असते तिथंच द्यायचा. तू दोन कौलं फोडलीस तेव्हा म्हणाले होते, "इंद्रजितराव, छपरावर मालकावाणी न्हाय चालायचं, चोरावाणी चालायचं." आता घरापासून विहारापर्यंत जायचं तर त्यांना दोनदा बसावं लागतं. श्वासाचा पंप तोंडात मारल्याशिवाय झोप नाही. धूर, धूळ, फोडणी, कशानंही उबळ येते. अक्काकाकू चूल बाहेर नेऊन मांडते.

आणि काका सगळ्या गावाला सांगतात, "चूक माजीच व्हती."

का सांगतात? कारण तू सांगितलंस. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी, दारात वीस माणसं जमलेली असताना तू म्हणालास, "काकाकडून क्रम चुकला. पाणी घालायच्या आदी हायपोतच साबण वतला. व्हतं माणसाकडनं." काकांनी तुझा हात धरला. "माजंच चुकलं. सांगितल्यालं ऐकलं न्हाय." आणि तू त्यांच्या हातावर दुसरा हात ठेवून म्हणालास, "आसू द्या काका."

त्या "आसू द्या"बद्दल मी तुला तेरा महिने शिव्या देतो आहे. तोंडानं नाही, मनात. क्रम चुकला तर काय होतं? चांगला साबण असेल तर फेस जास्त येतो, एवढंच. माणसाची छाती जळत नाही. हे तुला माहीत होतं. दवाखान्याच्या कॅन्टीनपाशी तू स्वतः मला सांगितलंस की आधीच्या संध्याकाळी तू स्लरी आणलीस, बादलीत सोडा घालून ढवळलीस, फसफस थांबली म्हणून झालं असेल असं समजलास, आणि माझ्या साबणाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलीस. मला कळू नये म्हणून. "कुणाला बोलू नगंस. काकाचं दवाखान्याचं सगळं मी बघतो."

आणि तू बघितलंस. अकरा दिवस डबा तुमच्या घरून आला. मी ते विसरलो नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीही "क्लोरीन आहे, मिश्रण चुकलं" एवढंच म्हणालो.

टेम्पोवर तुझं एकट्याचं नाव रंगवलं तेव्हा म्हणाला होतास, गिऱ्हाइकाला एकच नाव लक्षात राहतं. मी हो म्हटलं. तुझं नाव सांगितलं की बंगल्याचं फाटक उघडायचं आणि माझं सांगितलं की "पूर्ण नाव काय?" असं विचारायचे, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. पैसे तात्यांचे, टेम्पो तुझा, डोकं माझं, पाय काकांचे. असा तो धंदा होता. त्यात चुकी कुणाची हे ठरवायची वेळ आली तेव्हा ती सगळ्यात खाली उभ्या असलेल्या माणसावर गेली, आणि त्यानं ती हात पुढं करून घेतली.

आता त्याच माणसाला तू कॅनच्या गोडाऊनमध्ये बसवणार. हायपोच्या वासात. आणि तो मरेपर्यंत तुझे उपकार सांगणार.

जेवायला बोलावतायत. उद्या हे पोस्टात टाकतो.


शनिवार, ८ नोव्हेंबर

टाकलं नाही.

सकाळी डेअरीत जाताना पाकीट खिशात होतं. तिकीट लावलेलं. पेटी रस्त्यातच आहे. दुपारी परत आलो तेव्हाही खिशात होतं. परत फोडून वाचलं. सगळं खरं आहे. त्यात एकही गोष्ट खोटी नाही. पण ते वाचून कुणालाही वाटेल की लिहिणारा फार चांगला माणूस आहे.

तेव्हा आता पुढचं वाच. हे करुणालाही माहीत नाही.

काकांची छाती जळाली ते काम दादासोंच्या बंगल्याचं छप्पर धुवायचं होतं, बारामतीत. पहिल्या दिवशी दुपारी चहाला सगळे पोर्चमध्ये बसलो होतो. दादासोंनी सहज विचारलं, साबणाला एवढा खर्च कशाला. मी सांगायला लागलो. तू मधेच म्हणालास, "दादासो, आमच्याकडं शास्त्रज्ञ हाय. पट्टी बुडवल्याबिगर त्येला अंगुळीचं पाणीबी गरम वाटत न्हाय." दादासो हसले. त्यांच्या घरातले हसले. कपबशा न्यायला आलेली बाई हसली.

काकाही हसले.

तुझं मला काही वाटलं नाही. तुझी सवय होती. काका हसले ते मला लागलं. माझ्या बापानं मला बीएस्सी केलं तेव्हा गावात पेढे काकांनी वाटले होते, आणि आता दुसऱ्याच्या पोर्चमध्ये बसून माझ्यावर हसत होते. इतकी क्षुल्लक गोष्ट आहे, इंद्रजित. लिहिताना लाज वाटते. पण ती तितकी क्षुल्लक आहे म्हणूनच लिहायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान उतरवताना मी साबणाचा कॅन उचलला. नेहमीपेक्षा जड लागला. झाकण उघडलं. आत काकवीच्या रंगाचं, तसंच दाट काहीतरी होतं. माझा साबण पाण्यासारखा असतो. वास आंबूस, नाकात चढणारा. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला ती स्लरीच आहे, दुसरं काही असूच शकत नाही, हे कळायला एक सेकंद लागतो. मला तेवढाही लागला नाही.

पट्ट्या माझ्या शर्टाच्या खिशात होत्या.

मी झाकण लावलं आणि कॅन होता तिथं ठेवला.

मला काय वाटलं ते सांगतो. वाटलं, ह्यानं सोडा घातला असेलच. थोडं आम्ल राहिलं असेल तर हायपो मरेल. छप्पर पट्ट्यापट्ट्यांनी निघेल. दादासो ह्याला सगळ्यांसमोर झापतील, हा माझ्याकडं वळून बघेल, आणि मी काहीच बोलणार नाही. मला एवढंच पाहिजे होतं, तुझं ते वळून बघणं. वायू सुटेल हे माझ्या डोक्यात आलं नाही असं मी तेरा महिने स्वतःला सांगतो आहे. आलं होतं. एकदा आलं आणि मी त्याला म्हटलं, सोडा घातला असेलच.

दादासोंच्या नव्या गाडीवर थेंब उडायला नकोत म्हणून टेम्पोची ताडपत्री तिन्ही बाजूंनी सोडलेली होती. तू फाटकाबाहेर फोनवर होतास. मी पाइप जोडत होतो, टेम्पोपासून दहा पावलांवर. काकांनी आत टेम्पोतल्या टाकीत पाणी घातलं, हायपो घातला. क्रम बरोबर होता. मी डोळ्यांनी बघत होतो. मग त्यांनी कॅन उघडला आणि ताडपत्री बाजूला करून मला हाक मारली.

"सुयश, ह्यो साबण आज काळा दिसतोय रं. चालंल का?"

त्यांनी विचारलं होतं. तुला हे माहीत नाही. माझ्याशिवाय आणि त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्यांनी मला विचारलं होतं, कारण तीस वर्षं रंग कालवलेल्या माणसाला रंग कळतो, आणि आदल्या दिवशी हसले असले तरी साबणाचं विचारायचं ते मलाच, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि मी म्हणालो, "मालकाला विचारा. आजचा साबण त्याचा आहे."

ते जरा थांबले. तुझ्याकडं बघितलं, तू पाठमोरा होतास, फोनवर हसत होतास. त्यांना तुला हाक मारायचं धाडस झालं नाही. ताडपत्री पडली.

पुढचं तुला माहीत आहे. मी धावलो तेव्हा ते टाकीच्या कडेला धरून वाकले होते आणि ढवळायची काठी अजून हातात होती.

ते म्हणतात ना, "सांगितल्यालं ऐकलं न्हाय"? तू समजलास क्रमाबद्दल बोलतायत. गावही तेच समजलं. ते माझ्या त्या वाक्याबद्दल बोलतायत. मी सांगितलं होतं मालकाला विचारा, आणि त्यांनी विचारलं नाही. एवढीच त्यांच्या मते त्यांची चूक. तुझी चोरी त्यांना माहीत नाही, पण माझं वाक्य त्यांना पाठ आहे, आणि ते त्या वाक्याला शहाणपणाचा सल्ला समजतात.

मी तुझी चोरी गावाला का सांगितली नाही, ह्याचं कारण तू दिलेला डबा नव्हता. तुझं सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, "मग तू काय करत होतास?" एवढ्या साध्या प्रश्नाला भिऊन मी तुझ्या खोट्याच्या मागं तेरा महिने उभा राहिलो, आणि वर तुझ्यावर चिडत राहिलो.

उद्या रविवार आहे. पहिल्या एसटीनं लोणीला जातो.


लोणी भापकर,
रविवार, ९ नोव्हेंबर

स्टँडवर बसून लिहितो आहे. परतीच्या गाडीला अजून वेळ आहे. अक्षर वाईट येतंय, सांभाळून घे.

दहाला काकांकडं पोचलो. ते ओट्यावर उन्हाला बसले होते. मला बघून हसले. "आरं, कळवायचं तरी! अक्के, सुयश आलाय. च्या टाक." अक्काकाकूनं बाहेरच्या चुलीवर आधण ठेवलं आणि तिथूनच ओरडून विचारलं, "करुणा न्हाय आली? का माज्या हातचं तिला गोड लागत न्हाय?" मी म्हटलं, शाळेच्या वह्या तपासायच्यात. "व्हय व्हय, दर येळी वह्याच," असं म्हणून हसली.

मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून चहा पिऊन परत आलो असतो. उभ्यानंच म्हणालो, "काका, तुम्ही इंद्रजितच्या गोडाऊनवर जाऊ नका."

"का रं?" थांबले. "वासाचं म्हणतोस? खिडकी हाय तितं."

"चूक तुमची नव्हती."

"आसू दे आता. झालं त्ये." थांबले. "तू सांगितलं व्हतंस, मालकाला इचारा. म्या न्हाय इचारलं. तेवढंच माजं चुकलं."

"विचारलं असतं तरी तो खरं बोलला नसता. त्यानंच कॅनमध्ये दुसरं भरलं होतं, मला कळू नये म्हणून." मग मी स्लरीचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते. तुझं नाव आलं तेव्हा जरा मान हलवली, म्हणजे विश्वास बसत नसल्यासारखी नाही, हिशेब जुळल्यासारखी. अक्काकाकू चुलीपासून उठून जवळ येऊन उभी राहिली.

काका म्हणाले, "म्हंजी तुला मागनं कळलं व्हय त्ये."

इथं मला हो म्हणता आलं असतं. त्यांनी दार उघडून धरलं होतं. खरं सांगतो, माझं तोंड "हो"साठी उघडलंही होतं.

"नाही काका. मला माहीत होतं."

"काय माहीत व्हतं?"

"त्यात काय आहे ते. सकाळी मी झाकण उघडून बघितलं होतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. दम लागला म्हणून थांबलेत की बोलायचं नाही म्हणून, ते कळेना. मग विचारलं, "म्या तुला इचारायच्या आदी?"

"आधी."

अक्काकाकू म्हणाली, "आदी म्हंजी? सुयश, आदी म्हंजी रं काय?" तिला समजलं होतं, तरी विचारत होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही, शिवी दिली नाही. नुसती काकांकडं बघत होती, ते काय म्हणतात म्हणून.

काका तिला म्हणाले, "अक्के, च्या उतार. सुयशला जायाचं हाय."

काकूनं आधण उतरवलं. उकळत आलेलं पाणी तिनं तसंच मोरीत ओतलं. आजवर त्या घरातून मी चहा घेतल्याशिवाय बाहेर पडलेलो नाही, इंद्रजित. बारावीचा निकाल लागला तेव्हा, बाप गेला तेव्हा, लग्न ठरलं तेव्हा, कधीच नाही.

मी वळलो तेव्हा काका मागून म्हणाले, "उद्याच्याला मी इंद्रजितकडं जाणार हाय."

"मी थांबतो काका. गाडी बघतो कुणाची तरी, सोडतो तुम्हांला."

"नको. चालत जातो."

वेशीपर्यंत अक्काकाकू आली. पाठीमागून, चार पावलं अंतर ठेवून. मला वाटलं काही बोलेल. म्हणाली, "पंप संपत आलाय. पर तू धाडू नगंस. आमी आणू." आणि परत फिरली.

हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. तुझ्या फाटकाच्या पेटीत टाकतो आणि गाडी पकडतो. बेल वाजवणार नाही. आज तुझ्याशी बोललो तर आपण दोघं मिळून ह्यातून काहीतरी वाट काढू, आणि मला ती काढायची नाही.

काका उद्या सकाळी ऊन चढायच्या आत निघतील. त्यांच्या घरापासून तुमच्या बंगल्यापर्यंत एरवी दहा मिनिटं लागतात. ते शाळेच्या कट्ट्यावर बसतील, मग पिंपळाखाली, मग बहुतेक तुमच्याच फाटकाबाहेर. तुला खिडकीतून दिसतील. धावत खाली येऊन हात देऊ नकोस. तात्यांना कुठं बाहेर जाऊ देऊ नकोस, काका त्यांच्यासमोरच बोलायचं म्हणतील. काका फार बोलणार नाहीत, त्यांना जमत नाही. एक वाक्य बोलून थांबतील. ते थांबले की तुला वाटेल संपलं. संपलेलं नसेल. त्यांचं पुरतं होईस्तोवर गप्प उभा राहा.

मी तेवढंही करू शकलो नाही, मधेच गाडीचं बोललो, म्हणून सांगतो.

तुझ्याइतकाच,
सुयश